तू निर्भय नव्हतीस

प्रज्ञा,

आष्टीहून आलेला खोका तुझ्या कार्यशाळेतल्या टेबलावर आहे. मी तो उघडला, आतली वस्तू हातात घेऊन पाहिली आणि पुन्हा आत ठेवून झाकण लावले. आत एक रोटर आहे. आपल्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे द्रवातले घटक फिरवून वेगळे करणाऱ्या यंत्रात, नळ्या पोटात घेऊन गरगर फिरणारे प्लास्टिकचे ते चाक. आष्टीच्या एका शाळेतले विज्ञानाचे शिक्षक वानखडे यांनी आपल्या संकेतस्थळावरून तुझा आराखडा उतरवून घेतला. त्यांना दुधाचे नमुने फिरवायचे आहेत आणि त्यांच्याकडच्या नळ्या जाड आहेत, म्हणून त्यांनी रोटरची भोके मोठी केली, तो थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतला आणि एक नग इकडे पाठवला. सोबत चिठ्ठी: शाळेच्या प्रदर्शनात यंत्र मांडणार आहोत, मुले भोवती उभी राहतील, चालवू की नको तेवढे कळवावे.

चिठ्ठी तुझ्या नावाने आहे. तू गेल्याचे त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही. उत्तर मला द्यायचे आहे आणि मला भीती वाटते आहे.

हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहितो आहे. महाविद्यालयात असताना मी प्राचार्यांशी भांडलो, संस्थेशी भांडलो, विद्यापीठाच्या समितीसमोर टेबलावर हात आपटला.  तेव्हा माझे म्हणणे चुकले असते, तर फार तर माझे हसू झाले असते. येथे मी 'चालवा' असे म्हणालो आणि ते चुकले, तर ज्यांची तोंडे मी पाहिलेली नाहीत अशी मुले त्या झाकणाभोवती वाकलेली असतील.

शोकसभेविषयी आधी सांगतो. तुझ्या तसबिरीला हार घातला होता. सूत्रसंचालकाने पहिल्याच वाक्यात तुला माझी विद्यार्थिनी करून टाकले. तू सूक्ष्मजीवशास्त्राची, माझ्या वर्गात तू कधीही बसली नाहीस. पदार्थविज्ञान विभागात तू आलीस ती भांडायला, आणि निवृत्तीनंतरही मी तुझ्याकडे येत राहिलो तो ते भांडण पुरे करायला. पुढे प्राचार्य उभे राहिले. ते म्हणाले, "मॅडम निर्भय होत्या. फिरते यंत्र त्यांनी हाताने थांबवले होते. त्यांच्या कपाळावरचा व्रण त्याची साक्ष देत असे." सभागृहातल्या माना डोलल्या. मी उठलो आणि म्हणालो, "हे खोटे आहे." त्याबरोबर सूत्रसंचालकाने दोन मिनिटांचे मौन पुकारले. मला गप्प करण्याची इतकी सभ्य रीत याआधी कोणाला सुचलेली नव्हती. मी मौन पाळले. पण जे बोलायचे होते ते येथे बोलतो.

तू निर्भय नव्हतीस. तुझ्याइतके घाबरट माणूस मी पाहिलेले नाही. त्या व्रणाची गोष्ट तू मला स्वतः सांगितली होतीस, आणि सांगताना हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आले होते. शिकत असताना तुमच्या प्रयोगशाळेत विकत आणलेले एक यंत्र चालता चालता खडखडले आणि त्याचे चाक निसटले.

"मी टेबलाखाली घुसली, सर. घुसता घुसता टेबलाच्याच कोपऱ्यानं कपाळ फोडलं. मशीननं मले हातबी नाई लावला."

"मग सगळ्यांना तू यंत्राने लागले असे का सांगतेस?"

"मी कुठं सांगतो? लोकच सांगून राह्यले. टेबलानं फोडलं म्हटलं तं कोन ऐकते?"

त्या टेबलाखाली बसून तू जे पाहिलेस, त्यातून पुढचे सगळे आले. चाक थांबले तेव्हा ते जवळच्या कपाटाच्या पत्र्यात रुतलेले होते, आणि त्या यंत्राच्या पुस्तिकेत असे होऊ शकते याबद्दल एक अक्षर नव्हते. कितीने फिरेल हे होते, किती वर्षांची हमी हे होते. म्हणून आपले पहिले यंत्र तयार झाले तेव्हा त्याचे आराखडे, मोजमापे, जोडणीची कृती असे सगळे तू लोकांसाठी खुले केलेस, कोणीही बनवावे आणि हवे तसे बदलावे म्हणून. आणि त्या दस्तऐवजाचे पहिले पान भीतीला दिलेस. वर मथळा: 'आम्हाले कायचं भेव वाटते'. खाली तुझी ओळ: 'चाक फुटलं तं गोळीवानी उडते. त्या टायमाले कोनाचं लेकरू झाकणावर वाकलं असन, ह्याचं मले भेव वाटते.' आणि त्याखाली, जो कोणी यंत्र बनवेल त्याने स्वतःची भीती लिहावी म्हणून मोकळी जागा.

त्या पानावरून आपण किती भांडलो! माझे म्हणणे आजही मला आठवते, कारण मी ते विचारपूर्वक मांडले होते: शास्त्रीय दस्तऐवजाला भावना नसते, तेथे 'सुरक्षा सूचना' असा मथळा असावा, आज्ञार्थी वाक्ये असावीत, आणि ती प्रमाण भाषेत असावीत.

"सर, तुमची मराठी घरून इस्त्री करून येते काय? जराशी चुरगाळू द्या तिले."

"हा विनोदाचा विषय नाही."

"मी कुठं विनोद करून राह्यली. ऐका. वडनेरले आमच्या वावरात विहीर होती. बाप म्हणे, वाकू नको. मंग मी वाके, रोज वाके. एक दिवस माय म्हणे, 'तू वाकली का मले भेव वाटते वं.' तवापासून मी त्या विहिरीत वाकली नाई."

मी त्या दिवशी चहा न घेता निघून गेलो. तू त्याचा उल्लेख नंतर अनेकदा केलास.

मोकळ्या जागेत तुझ्याखाली अनेकांनी लिहिले. कोणाला विजेच्या धक्क्याचे, कोणाला झाकणाच्या कुलपाचे, एकीने लिहिले की आपली ओढणी आत जाईल याचे. माझी ओळ तेथे नव्हती. तू दरवेळी पेन पुढे करायचीस आणि मी दरवेळी सांगत असे की मला कशाचीही भीती वाटत नाही. "तुमाले वाटत नाई म्हनून तं मले जास्त वाटते," असे तू म्हणायचीस.

तुझी सावधगिरी लोकांना सौजन्य वाटे, मला ती हट्ट वाटे. रोटरभोवतीचे संरक्षक कडे कशाचे असावे यावर आपले आठवडे गेले. मला ठरावीक प्रतीचे पोलाद लिहायचे होते. तू म्हणालीस की जे तालुक्याच्या गावी मिळत नाही, त्याच्या जागी माणूस काहीतरी लावेलच, आणि ते काय असेल याचे तुला भेव वाटते. म्हणून बोअरवेलच्या लोखंडी केसिंग पाइपाचा कापलेला तुकडा आपण कडे म्हणून घेतला. तो कुठेही मिळतो. आणि मग तो पुरतो की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या आत आपण मुद्दाम चाके फोडली.

या फोडण्याबद्दल शोकसभेत कोणी बोलले नाही. त्यांना ते माहीत नसावे, किंवा शोभणारे वाटले नसावे. पिपरी मेघेतल्या तुझ्या घरामागचा कोरडा हौद. त्यात यंत्र ठेवायचे. वर फळ्या, फळ्यांवर वाळू भरलेली, सरकीच्या ढेपेची पोती. वायर खिडकीतून स्वयंपाकघरात. तू आधी अंगणात जाऊन ओरडायचीस, "कोनी इकडं येऊ नका बरं!" मग भिंतीआड येऊन बटण दाबायचीस. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने दाराची चौकट घट्ट धरलेली. मी वेगाचे आकडे वाचत असे आणि तुझ्या बोटांकडे पाहत असे.  निर्भय म्हणे!

आणि चहाचा नियम. यंत्र नेहमीपेक्षा थोड्या अधिक वेगाने सुरू करायचे, मग तुझ्या नवऱ्याने, मिलिंदने, चहा ठेवायचा. चहा उकळून, गाळून, पिऊन कप खाली ठेवीपर्यंत यंत्र चालू राहिले पाहिजे. माझा आग्रह घड्याळाचा होता. तुझे म्हणणे असे की घड्याळ पाहणारा माणूस शेवटच्या क्षणांत मनातल्या मनात पुढे पळतो, आणि चहाला पुढे पळता येत नाही. प्लास्टिक तापते, मऊ पडते, हळूहळू ताणते. फुटायचे ते सुरुवातीलाच फुटेल असे नसते. दस्तऐवजात मात्र तू माझ्या समाधानासाठी मिनिटेही लिहिलीस. तेवढा एक वाद मी जिंकला, असे मी मानतो.

अपुरा राहिला तो भोकांचा वाद. यंत्रातले कोणते भाग लोकांनी खुशाल बदलावेत आणि कोणते बदलल्यास पुन्हा फोडून पाहावेत, याची विभागणी तू केली होतीस. नळ्यांची भोके तू खुशाल बदलण्याच्या भागात टाकलीस, कारण प्रत्येकाच्या नळ्या निराळ्या. मी म्हणालो, भोक मोठे झाले की त्याच्या आणि चाकाच्या कडेच्या मधली भिंत पातळ होते. रोटरला हात लावू देऊ नकोस, त्याची फाइल बदलता येईल अशी ठेवूच नकोस. तू म्हणालीस, "बंद केलं तं लोक चाकू घेऊन भोक मोठं करतीन, सर. अन् आपल्याले सांगनार नाईत." मी म्हणालो, सांगतील हा तुझा भाबडेपणा आहे. तू तेव्हा आजारी पडली होतीस; म्हणालीस, बरं वाटलं का बसू आपण. तुला बरे वाटले नाही.

म्हणून खोक्यातला रोटर हाती घेताच मी पहिल्यांदा पाहिली ती ती भिंत. पातळ होती. मी बरोबर होतो, प्रज्ञा. हे वाक्य तुझ्यासमोर उच्चारण्यासाठी मी किती महिने थांबलो होतो, आणि आता ते माझ्या तोंडात राखेसारखे आहे.

यंत्राचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या आपल्या गटातल्या मंडळींचा याच आठवड्यात निरोप आला. तुझ्या स्मरणार्थ दस्तऐवजाची नवी आवृत्ती निघणार आहे. यंत्राला 'निर्भया' असे नाव द्यायचे, पहिल्या पानावर तुझे हसरे छायाचित्र, आणि भीतीच्या पानाच्या जागी व्यवस्थित 'सुरक्षा सूचना'. सोबत लिहिले होते: सर, आपण हे वर्षानुवर्षे सुचवत आलात, आता आपली इच्छा पूर्ण होते आहे. मी तो निरोप दोनदा वाचला. माझीच बाजू जिंकली होती, आणि माझ्या अंगावर शहारे आले. मी कळवले की हे होणार नाही. त्यांनी कारण विचारले. माझ्यापाशी तेव्हा कारण नव्हते. फक्त धास्ती होती.

येथवर मी परवा लिहून ठेवले होते. काल दुपारी मी मिलिंदला म्हणालो की आपण आष्टीचा रोटर फोडून पाहू.  तो म्हणाला, "सर, मी तं म्हननार होतो, हे मशीन तुम्ही घरी घेऊन जा. रिकाम्या घरात त्याच्याकडं पाहून मले भेव वाटते." तरी त्याने पोती उचलली. मला उचलू दिली नाहीत.

भिंतीआड उभा राहिलो तेव्हा ध्यानात आले की बटण मी कधीच दाबलेले नाही. ते तुझे काम होते, माझे आकडे वाचण्याचे. आता दोन्ही माझ्याकडे आले होते आणि आकडे मला धूसर दिसत होते. अंगणात जाऊन ओरडणेही माझ्याच वाट्याला आले. "कृपया कोणीही इकडे येऊ नये!" असे मी म्हणालो. मिलिंद आत स्टोव्हपाशी हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मी बटण दाबले. यंत्राने वेग घेतला, शीळ घातली आणि मग स्थिर गुणगुण सुरू झाली. किती शांत चालले होते ते! त्या शांततेने मी अधिक घाबरलो. वाटले, चालते आहे ना. आता बंद करावे, 'चालेल' असे कळवावे आणि घरी जाऊन पडावे. माझा हात बटणाकडे गेला.

"सर, चहा झाला नाई अजून."

"मिलिंद, व्यवस्थित चालले आहे. पुरे."

"उकळी तं येऊ द्या. ती असती तं तुमचा हात झटकला असता तिनं."

मी हात मागे घेतला. त्याने चहा उकळू दिला, गाळला, माझ्या हातात कप दिला.  दोन घोट झाले असतील. बाहेरची गुणगुण किंचित जाड झाली, आणि मग धाड आवाज झाला. पोती जागच्या जागी उसळली. खिडकीची काच थरथरली. माझा चहा माझ्या सदऱ्यावर.

शेजारच्या बाईंनी कंपाउंडवरून सवयीने हाक दिली, "आज काय फोडलं वं, प्रज्ञा?"

आणि मग त्याही गप्प झाल्या, आम्हीही गप्प झालो. ती शांतता प्राचार्यांच्या सभेत नव्हती.

मोटर पूर्ण थांबल्यावर आम्ही फळ्या काढल्या. भिंत नेमकी दोन भोकांपाशी फाटली होती. केसिंग पाइपावर आतून लखलखीत ओरखडे होते. बाहेर एक कणही आलेला नव्हता. त्या कड्यावर मी तळहात ठेवला. ते गरम होते. तू कित्येक आठवडे ज्याच्यासाठी भांडलीस ते लोखंड आपले काम करून शांत बसले होते.

वानखड्यांना मी लगेच फोन लावला. रोटर फुटला, चालवू नका, एवढे सांगितले.  मग ते म्हणाले, "मॅडम काय म्हनतात? त्याहिले देता काय फोन?"

मला सांगावे लागले. त्यांनी कधी, कशाने असे विचारले आणि मी जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. मग ज्यासाठी मी रात्रंदिवस तळमळत होतो ते विचारले: भोके खुशाल बदला असे आमच्याच दस्तऐवजात होते, मग तुम्ही यंत्र तसेच न चालवता रोटर इकडे का पाठवलात?

"आता काय सांगू, सर. 'करू नये' असं लिवलं असतं तं मी करून मोकळा झालो असतो. तसल्या सूचना तं आम्ही शाळेच्या भिंतीवरबी लिवतो, कोन वाचते? पन तिथं पयल्याच पानावर मॅडमनं लिवलं, मले भेव वाटते. म्या म्हटलं, येवढी शिकलेली बाई, तिनंच बनवलं, अन् तिलेच भेव वाटते. मंग मी कोन लागून गेलो? पाठवून दिला."

त्यांचे शब्द मी समोरच्या कागदावर लिहून घेतले. तोवर त्यांनीच पुढे विचारले:

"अन् प्रदर्शनाचं काय करू, सर? पोट्टे रोज विचारून राह्यले."

"फुटलेला रोटर मांडा," मी म्हणालो. "तुकडे मी पाठवतो, कड्यासकट. मुलांना हातात घेऊ द्या. नवा रोटर काढा, भोके आत घ्या, भिंत जाड ठेवा, आणि दोन नग पाठवा. आम्ही फोडून पाहू."

'आम्ही' असे मी म्हणालो. कोण आम्ही, ते मला ठाऊक नाही. एक मी आणि एक मिलिंद, ज्याला ते यंत्र घरातही नको होते. येणाऱ्या प्रत्येक खोक्याचे मला आता भय वाटणार आहे. संकेतस्थळावर तुझे आराखडे कोण कोण उतरवून घेत असेल, कोठल्या गावात कोणते भोक कोण मोठे करत असेल, आणि त्यांतले किती जण वानखड्यांसारखे थांबतील, याचा विचार करताना माझी झोप उडते. तू हे ओझे हसत हसत वागवत होतीस असे लोक म्हणतात. तेही खोटे आहे. तू ते चौकट धरून वागवत होतीस.

भोकांच्या वादाचा निकाल मी असा लावला आहे, तुला मान्य नसेल तर इलाज नाही. भोके खुशाल बदलण्याच्या भागातून काढली. बदलल्यास फोडून पाहावे, या भागात घातली. म्हणजे मी बरोबर होतो. फाइलला कुलूप घातले नाही. म्हणजे तूही. आष्टीच्या रोटरचे छायाचित्र, फाटलेल्या भिंतीसह, त्याच पानावर लावले. गटाला स्पष्ट कळवले की यंत्राचे नाव बदलणार नाही, भीतीचे पान जागचे हलणार नाही, आणि या वेळी कारणही कळवले: आष्टीच्या एका शाळेतली मुले.

आज सकाळी त्या पानावरच्या मोकळ्या जागेत मी माझी ओळ लिहिली. तू पेन पुढे करायला नव्हतीस, म्हणून मलाच शोधावे लागले. लिहिले: 'चहा संपण्याआधी बटण बंद करावेसे वाटेल, याची मला भीती वाटते.' खाली नाव घातले.

मथळ्याविषयीचा माझा आक्षेप अजून कायम आहे. पण वर तुझी ओळ जशी होती तशीच आहे. तिच्यातले एक अक्षरही मी सुधारलेले नाही.